एअरवेसाठी मान चाचपायची कशी? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात भूल देतो आणि अधूनमधून इंटर्न, जेआर (ज्युनिअर रेसिडेंट), कॅज्युअल्टीचे मेडिकल ऑफिसर, आयसीयूच्या सिस्टर अशा सगळ्यांसाठी एअरवेचं, म्हणजे पेशंटचा श्वासाचा रस्ता मोकळा ठेवण्याचं, सेशन घेतो. प्रश्न दरवेळी साधारण तेच असतात, कधी चहा पिताना तर कधी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, म्हणून म्हटलं एकदाच लिहून काढावं. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, जिथे लोक जास्त अडकतात तिथे जास्त लिहिलंय.

हे कोणासाठी आहे? घरी कोणाच्या घशात काही अडकलं तर हे करायचं का?

नाही, अजिबात नाही. हे डॉक्टर आणि ट्रेनिंग घेतलेल्या स्टाफसाठी आहे. घरी जेवताना कोणाला घास अडकला आणि बोलता येईना, खोकता येईना, तर पाठीत दोन खांद्यांच्या मधे ५ जोरात थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर ५ झटके, परत थापा, असं आलटून पालटून चालू ठेवायचं आणि दुसऱ्या कोणीतरी १०८ लावायचा. गरोदर बाई असेल तर झटके पोटावर नाही, छातीवर. बेशुद्ध पडला की खाली झोपवून सीपीआर. सिनेमात पेनाची नळी गळ्यात खुपसतात ते बघून कोणी भाजी कापायची सुरी हातात घेऊ नका, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

डॉक्टरने तरी नक्की काय शोधायचंय?

क्रायकोथायरॉइड मेम्ब्रेन, पुढे सीटीएम म्हणतो. कंठमण्याचा जो कार्टिलेज (कूर्चा) आहे, थायरॉइड कार्टिलेज, त्याची खालची कड आणि त्याच्या खाली क्रायकॉइडची रिंग, या दोघांच्या मधली पातळ जागा. मोठ्या माणसात उंचीला साधारण १ सेंटीमीटर आणि रुंदीला २ ते ३. एवढीशीच जागा आहे, पण तिथे कातडी आणि श्वासनलिका यांच्यात फारसं काही नसतं, मधे थायरॉइडची ग्रंथी येत नाही (क्वचित तिचा वरचा शेंडा येतो), आणि व्होकल कॉर्ड (स्वरतंतू) साधारण १ सेंटीमीटर वर राहतात. म्हणून तोंडातून श्वासनलिकेत ट्यूब जात नाही, मास्कने हवा जात नाही, एलएमए (घशात बसवायचा मास्क) बसत नाही आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडत चाललंय अशा वेळी शेवटचा रस्ता इथून, म्हणजे इथे कापून थेट श्वासनलिकेत ट्यूब घालून, काढायचा असं ठरलंय. आपल्याकडच्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या गाइडलाइनमध्ये या अवस्थेला कम्प्लीट व्हेंटिलेशन फेल्युअर म्हटलंय.

मानेवर वरून खाली बोट फिरवलं तर क्रमाने काय काय लागतं?

हनुवटीच्या खाली, मान जिथे सुरू होते तिथे हायॉइड. घोड्याच्या नालेच्या आकाराचं हाड आहे, पुढून नीट कळत नाही पण दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटात धरलं तर डावी-उजवीकडे हलतं. त्याच्या खाली थोडी मऊ जागा, ती थायरोहायॉइड मेम्ब्रेन, ही आपली नाही. मग थायरॉइड कार्टिलेजची वरची खाच, त्या खाली पुढे आलेली धार. ती धार संपली की बोट थोडं आत जातं, तो खळगा म्हणजे सीटीएम. खळग्याच्या खाली लगेच टणक आडवी पट्टी, ती क्रायकॉइड, आणि त्याच्या खाली श्वासनलिकेच्या रिंगा, त्या मात्र क्रायकॉइडपेक्षा बारीक आणि खोल खोल जात छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेत शिरतात.

म्हणजे टणक, मऊ, टणक, मऊ, टणक असा क्रम आहे आणि गोंधळ इथेच होतो, कारण मऊ जागा दोन आहेत. नवीन माणूस वरचीच पहिली मऊ जागा पकडतो आणि म्हणतो सापडली. तिथे कापलं तर आपण कॉर्डच्या वर असतो. म्हणून मऊ जागा सापडली एवढ्यावर थांबायचं नाही, तिच्या खाली क्रायकॉइड लागली का आणि क्रायकॉइडच्या खाली रिंगा लागल्या का, हे बघूनच हो म्हणायचं.

लॅरिंजियल हँडशेक म्हणजे काय ओ सर, नुसतं बोटाने दाबलं तर चालत नाही का?

एका बोटाने पण सापडते, बारीक मानेच्या पुरुषात कशीही सापडते. पण एका बोटाने तुम्ही फक्त मधली रेष चाचपता आणि ती मधली आहे हे गृहीत धरता. गॉयटर (वाढलेली थायरॉइड ग्रंथी) असेल, एका बाजूला सूज असेल, मानेत रक्त साकळलं असेल तर स्वरयंत्र बाजूला सरकलेलं असतं आणि बोट भलत्याच ठिकाणी दाबत बसतं. पूर्ण हात वापरला की आधी स्वरयंत्र कुठे आहे ते कळतं, मग त्याचा मध्य, मग खळगा. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०१५ च्या गाइडलाइनमध्ये हीच पद्धत घेतली.

जो हात लिहिण्याचा नाही तो वापरायचा, लिहिण्याचा हात ब्लेडसाठी मोकळा. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, वर हायॉइडपाशी धरायचं आणि हळू डावी-उजवीकडे हलवायचं. ते सगळं एकत्र हलतं, वर रुंद आणि खाली निमुळतं. मग हात न उचलता तसाच खाली घसरवायचा, थायरॉइड कार्टिलेजच्या दोन्ही सपाट बाजू हाताला लागतात, त्यांच्यावरून खाली, आणि अंगठा व मधलं बोट क्रायकॉइडच्या दोन बाजूंवर टेकवायचं. आता तर्जनी मोकळी आहे ती मधोमध ठेवायची, ती आपोआप खळग्यात जाते. गेली नाही तर थोडी वर-खाली करा.

इथे हात थांबला की तो सोडायचा नाही. सेशनमध्ये नव्वद टक्के लोक जागा छान शोधतात आणि मग ब्लेड घ्यायला हात उचलतात, परत ठेवताना भलतीकडे ठेवतात (नव्वद हा माझा डोळ्याचा अंदाज, कुठे छापलेला नाही). चाचपणारा हातच पुढे स्वरयंत्र पकडून ठेवणारा हात होतो, त्याला दुसरं काम नाही. ब्लेड, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लांब लवचिक काडी), ट्यूब सगळं सिस्टरने तुमच्या हातात द्यायचं.

कुठल्या बाजूला उभं राहायचं?

उजवखोरे असाल तर पेशंटच्या डाव्या बाजूला, डावखोरे असाल तर उजव्या. आपण भूलवाले डोक्याकडे उभे राहायला सोकावलेलो असतो, तिथून मान उलटी दिसते आणि हातही उलटा पडतो. ओटीत डावीकडे ड्रिप स्टँड, सर्जनचं स्टूल, सक्शनची बाटली सगळं असतं, ते मामांना बाजूला घ्यायला सांगा, लाजू नका.

बाईच्या मानेवर इतकं का चुकतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि फार कमी लोक विचारतात, कारण सराव आपण एकमेकांवर करतो आणि सेशनला मानेवर हात ठेवून द्यायला पुढे येतात ती सगळी बारीक पोरं असतात, कंठमणी लांबूनच दिसतो.

थायरॉइड कार्टिलेजच्या दोन पाट्या पुढे जुळतात त्या पुरुषात साधारण ९० अंशाच्या कोनात आणि बाईत साधारण १२० अंशाच्या. कोन उघडा म्हणजे पुढची धार बोथट, वरची खाच उथळ. मग बोट वरून खाली येताना "हा कंठमणी" असं ठामपणे सांगणारं काही लागतच नाही. उलट बऱ्याच बायकांत मानेवर सगळ्यात टणक आणि ठळक काय लागतं तर क्रायकॉइड, तिलाच लोक थायरॉइड कार्टिलेज समजतात आणि तिच्या खाली खळगा शोधतात, म्हणजे श्वासनलिकेवर जातात. नाहीतर हायॉइडला कंठमणी समजतात आणि वर राहतात. दोन्हीकडून चूक होते.

भूलतज्ज्ञांना पेनाने खूण करायला लावून मग सोनोग्राफीने तपासलं असे अभ्यास परदेशात बरेच झालेत, आणि लठ्ठ बायकांमध्ये निम्म्याहून जास्त खुणा चुकीच्या निघाल्यात. हे रोज एअरवे करणारे लोक होते बरं का, आणि समोरचा माणूस शांत पडलेला, सॅच्युरेशन शंभर, घाई काही नाही. ते वाचल्यावर "मला सापडतं ओ" म्हणणाऱ्या कोणावरही मी विश्वास ठेवत नाही, स्वतःवर पण नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे की सिझेरियनची बाई टेबलवर आली, स्पायनल (पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर करणं) द्यायचं असलं तरी, मानेवर एकदा हात फिरवून घ्या. तिला सांगून, विचारून. "ताई, मान बघतो जरा, दुखणार नाही." गळ्यातलं थोडं वर सरकवावं लागतं, मंगळसूत्र काढायला काही जणी नको म्हणतात, वाद घालू नका, मागे सरकवून चिकटपट्टी लावली तरी काम होतं.

खालून वर गेलं तर?

चालतं, आणि बाईच्या मानेवर मला तर तेच जास्त भरवशाचं वाटतं. छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेत बोट ठेवा, श्वासनलिका मधोमध पकडा आणि रिंगा मोजल्यासारखं हळू वर या. वर येता येता श्वासनलिका उथळ होत जाते आणि एक रिंग अशी येते की ती बाकीच्यांपेक्षा जाड आणि उंच आहे, ती क्रायकॉइड. तिच्या लगेच वर बोट आत जातं तो सीटीएम. वरून हँडशेक करून एकदा आणि खालून एकदा, दोन्हीकडून एकाच जागी पोचलात तर निश्चिंत.

चार बोटांची पण एक पद्धत सांगतात, करंगळी छातीच्या खाचेत ठेवून चार बोटं वर उभी लावायची की तर्जनी सीटीएमवर येते. अंदाजासाठी ठीक आहे, पण माझी बोटं आणि आखूड मानेची आजी यांचा मेळ बसत नाही. दुसरं काहीच कळत नसेल तर वापरा.

पेशंट शुद्धीवर असेल तर काही युक्ती?

गिळायला सांगा. गिळताना स्वरयंत्र वर जाऊन खाली येतं, बोटाखाली ते सरकलेलं कळतं आणि मध्य लगेच सापडतो. आपल्या गावात अर्धे पेशंट तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारे, आजींना मराठी कळलं नाही तर "मिंगंडी" किंवा "नुंगरी" म्हणा, हसतात आणि गिळतात.

मान कशी ठेवायची?

मागे झुकवून. खांद्याखाली चादरीची नाहीतर टॉवेलची गुंडाळी, डोकं मागे. मान मागे गेली की खळगा उघडतो आणि स्वरयंत्र पुढे येतं. ट्यूब टाकताना आपण डोक्याखाली उशी ठेवतो, ती काढायला विसरतात, ती काढा.

अपघाताचा पेशंट असेल आणि मानेच्या मणक्याची शंका असेल तर झुकवायचं नाही. कॉलरचा पुढचा भाग उघडायचा, एकाने दोन्ही हातांनी डोकं सरळ धरून ठेवायचं आणि आहे त्या स्थितीत चाचपायचं. पुणे रोड, हैदराबाद रोड, विजापूर रोड तिन्हीकडून केसेस येतात आणि उसाचा सीझन चालू झाला की रात्री ट्रॉलीला मागून धडकलेले येतात, जबडा तुटलेला, तोंडात रक्त. वरून रस्ता नाही हे आल्या आल्याच दिसतं, अशा वेळी ट्यूबचा एक प्रयत्न करायच्या आधीच एकाने मानेवर जागा शोधून बोट ठेवून उभं राहावं.

मावा-गुटख्याच्या पेशंटबद्दल वेगळं काही?

आपल्याकडे हे फार आहे म्हणून वेगळं लिहितो. सुपारी, मावा, गुटखा वर्षानुवर्षं गालात धरून तोंडाची कातडी आतून आखडते, पंचवीस-तीस वर्षांची पोरं येतात आणि तोंड दोन बोटं पण उघडत नाही. हर्नियासाठी आलेला असतो, तोंडाबद्दल तो काही सांगत नाही, नातेवाईक पण नाही. भूल दिल्यावर स्नायू ढिले पडले की तोंड उघडेल असं समजू नका. हे स्नायूचं आखडणं नाही, आतली कातडीच दोरीसारखी झालेली आहे, औषधाने ती सैल होत नाही.

चांगली गोष्ट एवढीच की याची मान बहुतेक वेळा सरळ, बारीक, तरुण असते आणि सीटीएम स्वच्छ लागतो. तेव्हा भूल द्यायच्या आधी शोधा, पेनाने खूण करा, मग दुर्बिणीने जागेपणी ट्यूब टाकायची की स्पायनलवर भागवायचं ते ठरवा. उलटं करू नका. दात सडून जबड्याखाली पू झालेला, जीभ वर उचललेली, मान फुगलेली असा पेशंट आला तर मात्र दोन्ही दारं बंद, तिथे हाताने काहीच लागत नाही, ईएनटीला बाजूला उभं केल्याशिवाय हात लावू नका.

मानेला शेक घेतलेला किंवा भाजलेला पेशंट?

बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे त्यामुळे मानेला रेडिएशन घेतलेले पेशंट आपल्या भागात नेहमीचे. मान लाकडासारखी घट्ट, कातडी खाली चिकटलेली, खळगा कळत नाही. स्टोव्हने भाजून हनुवटी छातीला चिकटलेल्या बायका पण येतात, तिथे मान मागे जातच नाही. या दोन्हीत हाताच्या भरवशावर राहू नये, आधी सोनोग्राफी.

सोनोग्राफीने शोधायची तर कशी? मग हाताची गरज काय?

वेळ असेल तेव्हा सोनोग्राफी हातापेक्षा नक्कीच चांगली. लिनिअर प्रोब, जो आपण ब्लॉकला (नस बधिर करायला) वापरतो तोच. आडवा ठेवून वरून खाली या: थायरॉइड कार्टिलेजचा त्रिकोण दिसतो, मग हवेची चकचकीत पांढरी रेष येते, ती सीटीएम, मग क्रायकॉइडचा काळा कमानीसारखा आकार. परत वर जाऊन ती पांढरी रेष पक्की करा आणि खूण करा. दुसरी पद्धत उभ्या प्रोबची, श्वासनलिकेच्या रिंगा मण्यांसारख्या ओळीने दिसतात, त्यातला मोठा मणी क्रायकॉइड, त्याच्या वरची जागा आपली.

पण सॅच्युरेशन ६० ला आलंय आणि कोणीतरी मशीन चालू व्हायची वाट बघतंय, असं होऊ शकत नाही. मशीन दुसऱ्या ओटीत असतं, नाहीतर रेडिओलॉजीत कुलपात. हात मात्र जवळच असतो. आणि एक, खूण मान मागे झुकवूनच करा, कारण मान सरळ केली की कातडी सरकते आणि खूण जागेवर राहत नाही. ज्या स्थितीत कापाल त्याच स्थितीत खूण.

हाताने काहीच लागलं नाही तर?

तर शोधत बसायचं नाही. माझा स्वतःचा हिशोब असा की दहा-पंधरा सेकंदात हँडशेकने जागा मिळाली नाही तर ती मिळणार नाही असं धरायचं. मधोमध उभा काप घ्यायचा, चांगला ८ ते १० सेंटीमीटर, खालून वर. मग ब्लेड बाजूला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी आतलं मांस बाजूला सारत स्वरयंत्रापर्यंत जायचं. तिथे परत चाचपणंच आहे, फक्त आता कातडी आणि चरबी मधे नाही. कार्टिलेज बोटाला लागलं की ते पकडायचं आणि नेहमीसारखं पुढे. रक्त येतं, खूप येतं, दिसत काही नाही, बोटांनीच करायचं. लोक उभा काप घ्यायला घाबरतात, छोटा घेतात आणि मग त्या छोट्या भोकात बोट पण जात नाही.

जागा मिळाल्यावर नक्की कुठे आणि कसं?

खळग्याच्या खालच्या भागात, क्रायकॉइडच्या वरच्या कडेजवळ, कारण सीटीएमवरून आडवी जाणारी छोटी धमनी साधारण वरच्या भागातून जाते. १० नंबरच्या ब्लेडने आडवा भोसकून काप, धार आपल्याकडे, मग ब्लेड न काढता ९० अंश फिरवून धार पायाकडे, ब्लेड थोडं आपल्याकडे ओढून धरायचं, त्याच्या पलीकडच्या बाजूने बूजीचं वाकडं टोक आत, १० ते १५ सेंटीमीटर, जोर न लावता, आणि बूजीवरून जेली लावलेली ६ नंबरची कफवाली ट्यूब. ६ ची ट्यूब बाहेरून ८ मिलीमीटरच्या आसपास असते, जागाच १ सेंटीमीटरची, म्हणून ७ किंवा ७.५ घेऊ नका.

हे वाचून जमत नाही, हाताने करून बघावं लागतं, खाली सरावाचं वाचा. वरून ऑक्सिजन चालूच ठेवायचा हे सगळं करताना, आणि स्नायू पूर्ण ढिले आहेत याची खात्री करायची.

जाड सुई किंवा कॅन्युला (सुईवरची बारीक नळी) टाकली तर कापावं लागणार नाही ना?

मोह होतो, मला कळतं. ब्रिटनमध्ये सगळ्या हॉस्पिटलमधून एक वर्ष एअरवेच्या गंभीर घटना गोळा केल्या, तो एनएपी-४ रिपोर्ट २०११ ला आला, त्यात भूलवाल्यांनी केलेले सुईचे प्रयत्न साधारण ६० टक्के फसले आणि कापून केलेले जवळजवळ सगळे लागले. सुई वाकते, सरकते, आणि तिच्यातून हवा द्यायला प्रेशरचं वेगळं साधन लागतं, ते आपल्या किती ओटीत आहे ते तुम्हीच बघा. आपल्या भारतीय गाइडलाइनमध्ये सुईचा पर्याय ठेवलाय, ज्याला सवय आहे आणि साधन आहे त्याने करावं.

लहान मुलांत?

वेगळं जग आहे ते. नवजात बाळात सीटीएम जेमतेम ३ मिलीमीटर, स्वरयंत्र वर, मान आखूड आणि गुबगुबीत, हायॉइड थायरॉइड कार्टिलेजवर चढल्यासारखं, त्यामुळे हाताला कळते ती बहुतेक क्रायकॉइड. साधारण १ ते ८ वर्षांत ईएनटी हजर असेल तर सर्जिकल ट्रेकिओस्टॉमी (थेट श्वासनलिकेला भोक पाडणं), नसेल तर कॅन्युला. कापून सीटीएम कुठल्या वयापासून करावं याबद्दल पुस्तकापुस्तकात ८ पासून १२ वर्षांपर्यंत वेगवेगळं लिहिलेलं आहे, वयापेक्षा मला बोटाखाली खळगा लागतो का हे जास्त पटतं.

थायरॉइडच्या ऑपरेशननंतर वॉर्डात मान फुगली, तिथे पण हेच?

आधी टाके उघडा. तिथेच, बेडवर. आत साकळलेलं रक्त बाहेर आलं की पुष्कळदा श्वास मोकळा होतो. सर्जनला फोन दुसऱ्याने करावा.

सराव कशावर करायचा?

चाचपायचा सराव माणसावरच. स्वतःची मान आंघोळ करताना, मित्राची, आणि भूलपूर्व तपासणीत प्रत्येक पेशंटची. तोंड उघडा, जीभ बाहेर, मान मागे, हे आपण सांगतोच, त्यात पाच सेकंद वाढवून मानेवर हात. रोजच्या लिस्टमध्ये सगळ्या तऱ्हेच्या माना येतात, फुकटात. लेडी डॉक्टर आणि सिस्टरनी एकमेकींच्या मानांवर करावा, गटात एकाच पोराला सारखं झोपवू नका.

कापायचा सराव बोकडाच्या नरड्यावर. मटणाच्या दुकानात आधी सांगून ठेवावं लागतं, कारण बऱ्याचदा सुरी स्वरयंत्राच्या खालून फिरते आणि तो भाग मुंडीबरोबर जातो, नुसती नळी घेऊन आलात तर उपयोग नाही. खाटीक एकदा विचित्र नजरेने बघतो, "डॉक्टर, याचा रस्सा होत नसतो" म्हणतो, मग स्वतःच बाजूला काढून ठेवतो. ते फळीवर खिळ्यांनी बसवा, वर टॉवेलची एक घडी, त्यावर रेक्झिनचा तुकडा ताणून लावा. टॉवेलला सोलापुरात तोटा नाही, घड्या वाढवत जा म्हणजे मान जाड होत जाते. आधी एका घडीवर जागा हाताने सांगा, मग तीन घड्यांवर, मग डोळे मिटून. बोकडाचं नरडं माणसाशी तंतोतंत जुळत नाही, पण ब्लेड आत गेल्यावर हाताला जे कळतं ते प्लास्टिकच्या पुतळ्यात कळत नाही.

ट्रॉलीत काय ठेवायचं?

१० नंबर ब्लेड हँडलला लावलेलं, बूजी, ६ नंबर कफवाली ट्यूब, १० सीसी सिरिंज, जेली, आणि कातडीवर लिहायचं पेन. एका पारदर्शक पिशवीत, ट्रॉलीच्या बाजूला चिकटवून, ड्रॉवरमध्ये नाही. बूजी लोक नेतात आणि परत आणत नाहीत, त्यामुळे सकाळी मशीन तपासताना पिशवी पण बघा.

वेळ आली हे कोणी ठरवायचं? सिस्टरने बोलायचं का?

बोलायचंच. ट्यूब टाकणारा माणूस लॅरिंगोस्कोपला चिकटलेला असतो, त्याला वेळ कळत नाही. सिस्टर, टेक्निशियन, सर्जन कोणीही मोठ्याने म्हणावं, "सर, सॅच्युरेशन ७०, पिशवी उघडू का?" एवढं वाक्य पुरतं. आणि म्हणणाऱ्याला नंतर कोणी रागावू नये.

ट्यूब बरोबर गेली हे कसं कळणार, आणि पुढे काय?

कॅपनोग्राफीवर कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ आला तर बरोबर. छाती हलताना दिसते पण मानेतच हवा भरून मान फुगत असेल तर ट्यूब श्वासनलिकेच्या बाहेर आहे, काढा आणि परत बूजीपासून सुरू करा. ग्राफ आला की ट्यूब हाताने धरूनच ठेवा, ती आखूड अंतरावर असते आणि पेशंट हलवला की निघते, फार आत गेली तर उजव्या फुप्फुसात जाते. टाके घालून बांधा, ईएनटीला बोलवा, नातेवाइकांना बाहेर जाऊन स्वतः सांगा आणि केसपेपरवर वेळा लिहा, सॅच्युरेशन कधी किती होतं ते मॉनिटरच्या मेमरीतून त्याच दिवशी काढून घ्या, मशीन बंद केलं की काही मॉनिटरवर ते पुसलं जातं.